रॉकेटच्या पाठीवरची पखाल

माझी एक तक्रार आहे. ती कोणत्या खात्याकडे नोंदवायची हे ठाऊक नसल्यामुळे इथे नोंदवतो. बाटलीतून पाणी पिणं ही क्रिया पूर्वी निरक्षर माणसालाही जमत असे. हल्ली तिला प्रशिक्षण लागतं. सौभाग्यवतींनी वाढदिवसाला दिलेल्या माझ्या बाटलीला एक कडी आहे, एक खिट्टी आहे, एक कळ आहे आणि एक नळी आहे. कळ दाबली की नळी फणा काढल्यासारखी वर येते, आणि आत हवा कोंडलेली असेल तर पहिला घोट आपल्याला न मिळता समोरच्याला मिळतो. नागोठण्याच्या पुढे माझा पहिला घोट समोरच्या गृहस्थांच्या चष्म्यावर गेला. ते चष्मा पुसत म्हणाले, "असू दे, उकाडाच आहे." कोकणात जाणाऱ्या पॅसेंजरमधली माणसं मुळातच क्षमाशील असतात. क्रॉसिंगला अर्धा अर्धा तास थांबून तो गुण अंगी येत असावा.

मी निघालो होतो तेही पाण्याच्याच एका भांड्यासाठी. बोलावणं होतं दिगंबरचं. दिगंबर माझा कॉलेजातला मित्र. आम्ही दोघांनी संस्कृत घेतलं. त्याला त्यातून महाडच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मला सुभाषितं. एप्रिलच्या मध्याला त्याचा फोन आला.

"शास्त्रीबुवा, पखाल माहीत आहे?"

"पयस् म्हणजे पाणी, खल्ल म्हणजे कातडं. त्यावरून..."

"व्युत्पत्ती राहू दे. पाहिली आहेस?"

पाहिली नव्हती. मग त्याने सगळी हकीकत सांगितली, आणि मी रजेचा अर्ज टाकला.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. घरं वीसेक, त्यातली उघडी तीन. बाकीच्यांना कुलपं, माणसं मुंबईला. तीन घरांत मिळून पाच जण, सगळे साठीच्या पलीकडचे. उन्हाळ्यात टँकर येतो तो खाली, डांबर संपतं तिथल्या विहिरीत पाणी ओतून जातो. तिथून वर पाऊण तासाची चढण. ते पाणी पाचही जणांसाठी वर नेणाऱ्या दोघीच: सगुणाबाई आणि त्यांची घोडी. घोडीच्या दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे प्लास्टिकचे कॅन बांधायचे. त्या कॅनच्या कोपऱ्यांनी यंदा घोडीच्या बरगड्या सोलून काढल्या. गोणपाट लावून पाहिलं, ते सरकतं. कोणीतरी मुंबईहून रबरी पिशवी आणून दिली, ती करवंदीच्या जाळीनं पहिल्याच दिवशी फाडली. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं, की पुन्हा कॅन लावलेत तर घोडी विसरा. तेव्हापासून सगुणाबाई डोक्यावर हंडा घेऊन दिवसाला तीन खेपा घालत होत्या.

त्यांचा मुलगा संतोष भांडुपला राहतो. तो म्हणाला, आता पुरे, मुंबईला चल. त्या म्हणाल्या, घोडीला कातड्याची पखाल शिवून घेते, मग बघू. शेवटी मायलेकांनी एकमेकांना शब्द दिला. पखाल तयार झाली आणि घोडीनं ती पहिल्याच खेपेला भरून वर नेली, तर आई वाडीवर राहणार. नाही नेली, तर त्याच संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला. आणि सगुणाबाई गेल्या, तर उरलेल्या चौघांनाही कुलपं शोधायला लागणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"रविवारी चाचणी आहे," दिगंबर म्हणाला. "तुझ्यासारख्या रिकामटेकड्याला याहून चांगला रविवार मिळणार नाही."

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: दिव्याहून सकाळी सुटणारी गाडी धरावी आणि वीरला उतरावं. महाडला रेल्वे नाही, वीर हेच महाडचं स्टेशन. बाहेर रिक्षा उभ्या असतात.

"महाड? एकटे हाव काय? मग दीडशे."

"शेअरिंग नाही का?"

"शेअरिंगला मानसं लागतात, साहेब. आज तुमीच उतरलाव."

एकशेवीसवर मिटलं, आणि वाटेत त्याने आपल्या मेव्हणीला आणि तिच्या फणसाला फुकट उचललं. फणस माझ्या मांडीवर बसला.

शुक्रवारची दुपार दिगंबरच्या घरी. घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, वर कैरीचा तक्कू. जेवून मी गाढ झोपलो, आणि संध्याकाळी त्याने मला मोटारसायकलवर घालून जवळच्या सव गावी नेलं. गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघ्यांना चांगले असं सांगतात. एप्रिलच्या उकाड्यात गरम पाण्यात पाय सोडून बसण्याचं सुख शब्दांत सांगता येत नाही; सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. माझे गुडघे तेवढे दुसऱ्या दिवशी खरंच बरे होते. मात्र रविवारनंतर त्यांनी आपले शब्द मागे घेतले.

शनिवारी सकाळी एसटीने पोलादपूर. स्टँडच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाखाली धोंडूतात्या बसतात. वय पंचाहत्तरीच्या आसपास, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. समोर तुटके सॅंडल, दप्तरांच्या चेन, हेल्मेटचे पट्टे. ही त्यांची रोजची कामं. मागच्या मोकळ्या जागेत डांबराचं एक रिकामं पीप आडवं टाकलेलं, आणि त्यावर दोन्ही अंगांना टम्म फुगून लोंबणारी ती.

पखाल म्हणजे नुसती पिशवी असेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ते दोन पोटांचं जनावर असतं. म्हशीचं जाड कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेलं, कोल्हापूरहून मागवलेलं. दोन बाजूंना दोन थैल्या, मध्ये पाठीवर बसणारा रुंद कोरडा पट्टा. वर भरायला तोंड, खालच्या कोपऱ्यात निमुळती मान; ती कातड्याच्या वादीने आवळली की पाणी आत, सोडली की धार. सगळीकडे करंजाच्या तेलाचा वास. मी हात पुढे केला.

"हात धुवा आधी," तात्या मान वर न करता म्हणाले. "घामाचं मीठ कातड्याला चालत नाय."

मी हात धुतले. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या थोडक्यात कुणी जागेवर बसवलं नव्हतं.

शिवण पाहण्यासारखी होती. दोन पदरांच्या मध्ये कातड्याची एक बारीक पट्टी घालून, आरीने भोक पाडून, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून ओढलेला. तात्यांनी सांगितलं, की पहिले तीन दिवस पखाल गळतेच, गळू द्यायची. दोरा आणि पट्टी भिजून फुगतात आणि भोकं आपोआप बुजतात. लोक घाईने वरून काहीतरी फासतात आणि नाश करतात. पहिलं पाणी चहासारखं तांबडं येतं, तेही रोज ओतून टाकायचं.

"आठ दिस ह्या पिपावर भरून ठेवलीय. आता थेंब नाय."

"अशी शेवटची कधी शिवली होती?" मी विचारलं.

"बाप होता तवा. घाटाच्या रस्त्याचं काम चालू होतं. रस्त्यावर पानी मारायला रेडे असायचे, दहा-बारा. त्यांच्या पखाली बाप शिवायचा. मी दोरा ओढायचो."

"आणि या घोडीचं माप? तिला इकडे आणली होती?"

"घोडीला कशाला?" तात्यांनी आपला पंजा उघडून दाखवला. "माप हितं हाय. मधला पट्टा चार वीत चार बोटं. बापाचं माप."

मी विद्वानासारखी मान हलवली. दिगंबरनेही हलवली. आम्हा दोघांच्या मिळून चार पदव्या आहेत आणि चौघींपैकी एकीलाही काही खटकलं नाही.

निघताना मी विचारलं, घेणार किती? तात्या म्हणाले, "कातड्याचं घेतलं. बाकी हात चालतो का, ते मला बघायचं होतं." मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि सॅंडल पुढ्यात ओढला. म्हणजे रविवारी नुसत्या सगुणाबाईंचीच परीक्षा नव्हती.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही डांबर संपतं तिथे पोचलो. तात्या रिक्षाने आले, रिकामी पखाल नातवंडासारखी मांडीवर घेऊन. त्यांनी येऊ नये असं दिगंबरने परोपरीने सांगितलं होतं. पण नवी पखाल शिवणाऱ्यानेच पहिल्यांदा भरायची, असा रिवाज. "भरताना फुटली तर शिव्या कोनी खायच्या?" असं त्यांचं त्यामागचं शास्त्र.

विहिरीपाशी सगुणाबाई उभ्या होत्या. लहान चणीची, ताठ, काटक बाई. नऊवारीचा काचा घट्ट. शेजारी संतोष, चाळिशीचा, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. आणि करंजाच्या सावलीत घोडी. ती महाबळेश्वरला पर्यटकांना घेऊन फेऱ्या मारून निवृत्त झालेली. तिच्या कपाळपट्टीवर अजून जुन्या मालकाने रंगवलेलं नाव होतं, रॉकेट. तिच्याइतकं सावकाश चालणारं रॉकेट जगातल्या कोणत्याही देशाने सोडलं नसेल. बरगड्यांवरच्या जखमा सुकून खपल्या धरलेल्या होत्या.

"हे कोन?" सगुणाबाईंनी माझ्याकडे बघून दिगंबरला विचारलं.

"माझे मित्र. लिहितात."

"काय लिवतात?"

"गेलेल्या ठिकाणांविषयी."

"मग वाडीचं नाव नका लिवू," त्या मला म्हणाल्या. "लोक येतात नि पानी मागतात."

मी शब्द दिला. तो पाळतो आहे.

तात्यांनी खोगिरावर पखाल टाकली, वाद्या बांधल्या, आणि पोहऱ्याने भरायला घेतली. दोन्ही पोटं फुगत गेली. मग त्यांनी मान सोडून पहिली धार बादलीत घेतली आणि बादली रॉकेटच्या पुढे ठेवली. पहिलं पाणी वाहणाऱ्या जनावराचं. घोडीने हुंगलं, नाक फुरफुरवलं, आणि सगळी बादली प्यायली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

आणि आम्ही चढायला लागलो. पहिली दोनशे पावलं वाट सपाट आहे, तिथे सगळं झकास. मग दगडांच्या पायऱ्या सुरू होतात. पहिल्या पायरीवर घोडीने पुढचा पाय उचलला आणि पखालीचं बूड तिच्या कोपरावर आपटलं. दुसऱ्या पायरीवर ते दगडाला घासलं. तिसरीवर रॉकेट थांबली. कान मागे, मान खाली. सगुणाबाईंनी चुचकारलं, गळ्यावर थोपटलं, गुळाचा खडा दिला. गूळ तिने खाल्ला. पाय उचलला नाही.

पखाल फार खाली लोंबत होती. सपाटीवर ते कळत नव्हतं.

"आये," संतोष म्हणाला, "झालं ना आता?"

सगुणाबाईंनी घोडीला वळवलं आणि आम्ही सगळे विहिरीपाशी परत आलो. तात्या घोडीभोवती एक फेरी फिरले. मग घोडीच्या पाठीवर आपली वीत ठेवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अर्धी. आणि खाली बसले.

"घोडीची चूक नाय," ते म्हणाले. "चार वीत चार बोटं रेड्याची. रेड्याची पाठ पिपासारखी. मी पिपावर भरली, पिपावर नाचवली. घोडीच्या पाठीवर माझा हात कदीच फिरला नव्हता."

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. काल आम्ही दोघे त्या गोल पिपाभोवती अर्धा तास उभे होतो.

"मला एक तास दे गो," तात्या सगुणाबाईंना म्हणाले. "मधला पट्टा दुमडतो. त्यात पानी नसतं, भोक पाडलं तरी गळायचा नाय."

"तात्या, शब्द एकाच खेपेचा होता," संतोष म्हणाला. आवाजात चढ नव्हता. मग तो मला बाजूला, करंजाच्या पलीकडे घेऊन गेला. "सर, तुमी शिकलेले. आये माझं ऐकत नाय, शिकलेल्यांचं ऐकते. तुमी सांगा तिला, की झालं. नेलं नाय घोडीनं. शब्द म्हंजे शब्द."

खरं तर तो बरोबर होता. शब्द एका खेपेचा होता, आणि खेप फसली होती. पण तात्यांनी एव्हाना पिशवीतून आरी काढली होती, कातडं कापायची रापी दगडावर परजायला सुरुवात केली होती, आणि मला ती दुमड बघायची होती. मी म्हणालो, "एक तास काही फार नाही, संतोष. थांबू या की."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली. पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही हे त्याला कुणीतरी लहानपणीच शिकवलेलं होतं. ज्यांनी शिकवलं त्या समोरच घोडीला खरारा करत होत्या.

तास म्हणता म्हणता दीड झाला. तात्यांनी मधला पट्टा जवळजवळ एक वीत दुमडला. दुमड खाली ठेवली असती तर तिचा उंचवटा घोडीच्या कण्याला लागला असता, म्हणून ती वर ठेवली. आरीने भोकं, त्यातून वादी, वादीला गाठ. चष्मा घामाने घसरायचा, तो दिगंबर वर सरकवून द्यायचा. महाड तालुक्यातल्या नामांकित शिक्षकाला मी यापूर्वी इतकं उपयोगी काम करताना पाहिलेलं नाही. दोनदा तात्यांचा नेम चुकला आणि आरी बोटात गेली. दोन्ही वेळा त्यांनी बोट तोंडात घातलं आणि पुढचं भोक पाडलं.

"दुखलं का वो?" सगुणाबाईंनी विचारलं.

"माझ्या बापाला दुखलं असंल," तात्या म्हणाले.

पुन्हा भरली. या वेळी दोन्ही पोटं घोडीच्या बरगड्यांच्या वरच्या अर्ध्या भागावर, खपल्यांच्या वर, अंगाला चिकटून बसली. पायऱ्या आल्या. पहिली. दुसरी. तिसरीवर रॉकेट थांबली, आणि आम्ही पाचही जण थांबलो. तिने शेपटीने माशी हाकलली आणि चौथी पायरी चढली.

पाऊण तासाची चढण मी सव्वा तासात चढलो. पुढे घोडी, मग सगुणाबाई, मग काठी टेकत तात्या. सगळ्यात मागे मी आणि माझे गुडघे. कातड्यातल्या पाण्याचा आवाज होत नाही, कॅनमधल्यासारखा डुबुक डुबुक. नुसते टापांचे आवाज.

वर पोचल्यावर सगुणाबाईंनी आधी पाहुण्यांना गूळ-पाणी दिलं. मी दोन पेले गटागटा प्यायलो आणि तिसरा पुढे करताना ते पाणी कुठून आलं हे आठवलं. हात मागे घेतला. "घ्या," त्या म्हणाल्या, "घोडी हाय आता." वरच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या आणि एक जोडपं कळश्या घेऊन आले. धार सोडली. पाणी किंचित तांबूस होतं. एका म्हातारीने कातड्यातलं पाणी देवाला चालेल का असं विचारलं, दुसरीने "देव काय कळशी घेऊन खाली जातो काय?" असं विचारलं, आणि धर्मसभा संपली. माझं शास्त्र विचारायची वेळच आली नाही.

तात्या सवयीने बाहेर खळ्यात, उन्हात बसले होते. सगुणाबाईंनी ते पाहिलं.

"तितं काय करताव? पडवीत या. तुमच्या पिशवीतलं पानी आमी पिनार नि तुमी उन्हात?"

तात्या उठून पडवीत आले. ज्या तालुक्याने पाण्याला हात लावण्यावरून काय काय पाहिलं आहे, त्याच्या शेजारच्या डोंगरावर हे इतक्या साध्या आवाजात झालं, की लिहितानाही मी आवाज वाढवत नाही.

दारामागे एक बॅग भरून ठेवलेली होती. सगुणाबाई शब्दाच्या पक्क्या. हरल्या असत्या तर तीच उचलून निघायचं, म्हणून रात्रीच भरलेली. आता त्यांनी ती उघडली. आधी विळी निघाली, मग दोन लुगडी, मग मिठाच्या आंब्यांची बरणी.

"मुंबईला विळी घेऊन निघाली होतीस?" संतोष हसला.

"तुझ्या बायकोच्या सुरीनं मला कांदा जमत नाय."

"आणि जमलं असतं तर आली असतीस?"

"तुझ्या खोलीत मी बसले की सुनेला उभं रहायला लागतं. तिनं किती उभं रहायचं?" त्या विळी भिंतीशी ठेवत म्हणाल्या. "मे मदे सगळे येताव ना? तवा या. पानी हाय."

नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा. ताटात हात धुवायला सगळ्यांना एकच तांब्या, आणि तेवढ्यात पाच जणांचे हात धुण्याची एक पद्धत आहे. ती शिकून घेण्यासारखी आहे. जेवण झाल्यावर संतोष पडवीत बसून पखालीच्या मानेची गाठ सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. तात्या दाखवत होते; तिसऱ्यांदाही संतोष चुकला, चौथ्यांदा गाठ बरोबर बसली. आठवड्याला एकदा करंजाचं तेल, रिकामी असताना उन्हात टाकायची नाही, कोरडी ठेवायची नाही. तो मोबाइलमध्ये लिहून घेत होता.

उतरताना दिगंबर तात्यांना घेऊन आल्या वाटेने हळूहळू निघाला. संतोष मला म्हणाला, "आपन दुसऱ्या वाटेनं जाव. जरा लांब हाय, पन बघा एकदा."

ती पावसाळी वाट. आम्ही चढून आलो ती वाट ओढ्यातून जाते, पावसात बंद होते. मग चार महिने वाडीवरून खाली यायला ही एकच. पावसात पाणी वर भरपूर असतं, पण रेशनला आणि दवाखान्याला खाली यावंच लागतं. वाट कड्याच्या पोटातून जाते. अर्ध्यावर संतोष थांबला आणि त्याने वर बोट दाखवलं. उतारावर मातीत एक भेग होती, वाटेला समांतर, माझा हात आत जाईल एवढी रुंद. तिच्या खालची दोन झाडं वाटेकडे कललेली.

"गेल्या पावसात हितून हितपर्यंत दरड आली खाली," तो म्हणाला. "सकाळी आये ह्या वाटेनं गेली होती, दुपारी हे आलं. भेग त्याच्यानंतरची."

"आईंना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हनते, डोंगर आपल्याला ओळखतो." त्याने एक दगड पायाने कडेला सारला. "सरकारी सायबांना पन दाखवलं. बघून गेले. मग मी पान्याचं धरलं. म्हटलं, पान्यात ती हरंल. पखाल कोन शिवनार ह्या दिसात?"

मी म्हणालो, "मला आधी सांगायचंस."

"तुमचं काय नाय, सर. तुमाला ही वाट कुठं ठाऊक?" आणि थोडं पुढे गेल्यावर, "पखाल झ्याक झालीय पन. तात्या खूश झाला."

त्या संध्याकाळच्या गाडीने तो एकटाच मुंबईला गेला. सोमवारी मी वीरहून परतीची गाडी धरली.

आता हिशेबी वाचकांसाठी: चार दिवसांत गाडी, रिक्षा, एसटी धरून खिसा फारसा हलका होत नाही, राहायला महाडला लॉज आहेत, दिगंबरसारखा मित्र असेल तर उत्तम. वेळ असेल तर शिवथरघळीला जाऊन या, मी या खेपेला गेलो नाही. पोलादपूरला स्टँडमागे चपला शिवून घ्या, आणि हात धुवून जा. वाडी कुठली ते विचारू नका.

घरी आल्यावर मी पखालीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. ऑफिसात सांगितली, सोसायटीत सांगितली. चौथ्या पायरीपाशी मी थांबतो, शेपटी, माशी, आणि मग घोडी पाय उचलते. लोकांना फार आवडतं. सौभाग्यवतींनी ऐकून फक्त एवढं विचारलं, "आणि पावसात?" भेगेचं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिगंबरचा परवा फोन आला. पखाल थेंबभर गळत नाही, जखमा भरल्या, मेमध्ये मुंबईची सात घरं येणार म्हणून सगुणाबाई दिवसाला दोन खेपा करतायत. मी त्याला भेगेबद्दल विचारलं. तो म्हणाला, पुन्हा अर्ज केलाय, बघतील. आईला समजावून बघ, असं मी संतोषला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, शब्द दिलाय सर, आता कसा मोडू.

लिहिणाऱ्याने स्वतःविषयी फार बोलू नये असं मी मानतो, पण हे सांगून टाकतो. त्या बाईंना वाडीवरून खाली आणायचा एक क्षण त्यांच्या मुलाने मोठ्या कष्टाने जुळवून आणला होता. त्याने मला एकच वाक्य बोलायला सांगितलं. मी दुसरं बोललो, कारण मला पखाल जिंकलेली बघायची होती. जून यायला पाच आठवडे उरले आहेत. मला सगुणाबाईंच्या जिवाची भीती वाटते आहे, आणि ती कशाने जाईल ते मला कळत नाही.